मुद्दाम हरून नव्यानं उभं राहावं, की कायम तळ्यात-मळ्यात? (एनबीए)

फिलीकर
नमस्कार मंडळी. दोन महिने डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकतो.

एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिथल्या आमच्या फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सची (सिक्सर्सची) २०२४-२५ मध्ये पार दैना झाली. आमचा मुख्य खेळाडू एम्बीड जेमतेम १९ सामने खेळला, संघ २४-५८ वर (२४ विजय, ५८ पराभव) थांबला. मार्चपासून आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर वेगळंच सुरू झालं. संघ हरला की लोक खुशीत अंगठे वर करायचे, जिंकला की 'अरे काय हे!' कारण आमचा ड्राफ्टचा पिक (नवे खेळाडू निवडायचा क्रमांक) पहिल्या सहात आला तरच आमच्याकडे राहणार होता. सातवा किंवा त्याखाली गेला असता तर तो ओक्लाहोमा सिटीच्या संघाच्या पदरात. २०२० मध्ये आमचा खेळाडू अल हॉरफर्डला तिकडे धाडताना आमच्याच लोकांनी तो सोबत बांधून दिला होता.

मे महिन्यात तो क्रम ठरवणारी लॉटरी निघाली, आम्हाला तिसरा नंबर लागला आणि मी सोफ्यावरून उठून ओरडलो. बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "जिंकले का?" म्हटलं, "नाही गं, हरल्याचं फळ मिळालं." ती काही बोलली नाही, पण मला ते माझंच वाक्य दोन दिवस टोचत राहिलं.

कारण हे आम्ही आधी एकदा केलंय. २०१३ मध्ये सॅम हिंकी आमचा जनरल मॅनेजर झाला. त्याचं गणित सरळ होतं. ३५-४० सामने जिंकणाऱ्या संघाला ना विजेतेपद मिळतं, ना वरचा पिक. मग मधे रखडण्यापेक्षा तळाला जा आणि दोन-तीन मोठे खेळाडू मिळेपर्यंत तिथंच थांबा. तीन वर्षांत १९-६३, १८-६४, १०-७२. बेरीज ४७ विजय, १९९ पराभव. 'ट्रस्ट द प्रोसेस' ही घोषणा आम्ही अभिमानानं दिली, मीही दिली. त्यातून एम्बीड आला, २०२३ चा एमव्हीपी (लीगमधला सर्वोत्तम खेळाडू) झाला. पण २००१ नंतर फिलाडेल्फिया दुसऱ्या फेरीपुढे गेलेलं नाही, ते आजतागायत.

तर प्रश्न असा: विजेतेपदाच्या आशेनं मुद्दाम हरणं बरं, की दरवर्षी चाळीसच्या आसपास जिंकत राहणं बरं? मनापासून विचारतोय. मला स्वतःला अजून उत्तर सापडलेलं नाही.

आबा_सांगलीकर
बास्केटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण धागा शेवटपर्यंत वाचला. एक सांगा फिलीकर, हरल्यावर बक्षीस कोण देतं? आमच्याकडे आखाड्यात पैलवान मुद्दाम पडला की त्याला नुरा कुस्ती म्हणतात. लोकांना कळलं तर फड उधळून लावतात. तुमच्याकडे लोक टाळ्या कशा वाजवतात?

चौदा_चेंडू
आबा, प्रश्न अगदी मुळाचा आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तिकडे आयपीएलसारखा लिलाव नसतो. दरवर्षी कॉलेजातून आणि परदेशातून नवे खेळाडू येतात, त्यांना संघांनी क्रमानं निवडायचं, तो ड्राफ्ट. दुबळ्या संघाला आधी निवडू द्यायचं म्हणजे सगळे संघ बरोबरीला येतील, असा मूळ हेतू. हेतू चांगला, पण त्यात फट राहिली. आधी दोन्ही विभागांतल्या तळाच्या संघांत नाणेफेक करून पहिला पिक ठरायचा. १९८३-८४ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सवर मुद्दाम हरल्याचा आरोप झाला. त्यांना पहिला पिक मिळाला आणि त्यातून हकीम ओलाजुवान. त्यावरून १९८५ पासून लॉटरी आली.

मग लॉटरीचंही रामायण. १९९३ मध्ये ४१-४१ वाल्या ऑर्लँडोला ६६ पैकी एकच संधी होती आणि तीच लागली. लोक म्हणाले, हा दुबळ्यांवर अन्याय. मग सगळ्यांत तळाच्या संघाला २५ टक्के संधी दिली. त्याच नियमात हिंकीसारख्यांचं फावलं. म्हणून २०१९ पासून तळाच्या तिघांना सारखीच, १४-१४ टक्के. यंत्रात १४ चेंडू, चार बाहेर काढायचे, १००१ जोड्या होतात, त्यातली एक बाद. उरलेल्या हजार जोड्या प्लेऑफ (बाद फेरी) हुकलेल्या १४ संघांत वाटतात.

आता २०२५ चं बघा. यूटा १७-६५, सगळ्यांत तळाला. त्यांना नंबर लागला पाचवा. पहिला कोणाला? डॅलसला. ३९-४३, हजारात १८ जोड्या. त्या ड्राफ्टमधला सगळ्यांना हवा असलेला कूपर फ्लॅग त्यांच्या घरी गेला. ६५ सामने हरून पाचवा नंबर! इतकी किंमत मोजून हाती चिठ्ठीच लागणार असेल तर आता हा हिशोब जमत नाही, असं माझं स्पष्ट मत.

शिकागोचा_मधू
चौदा चेंडू, हिशोब तुमचा बरोबर आहे, पण तुम्ही मधे राहून पाहिलेलं नाही.

आमचे बुल्स: २०२२-२३ मध्ये ४०-४२. पुढच्या वर्षी ३९-४३. त्याच्या पुढच्या वर्षी ३९-४३. तिन्ही वर्षी प्ले-इनमध्ये (प्लेऑफमध्ये शिरायची शेवटची संधी) गेलो आणि तिन्ही वर्षी मायामीकडून हरून घरी आलो. तीच एप्रिलची थंडी, तोच संघ समोर. माझा मुलगा तिसऱ्या वर्षी म्हणाला, "बाबा, हा रिप्ले आहे का?"

तळाला असलेल्या संघाच्या चाहत्याला निदान स्वप्न तरी असतं. तो जूनमध्ये ड्राफ्टची वाट बघतो. आम्ही जूनमध्ये कशाची वाट बघायची? मला हरणं परवडेल, हे असं त्रिशंकू लटकणं नाही परवडत. मी फिलाडेल्फियाच्या बाजूनं.

नागपाडा_जुना
मधूशेठ, तुमचं दुःख कळतंय, पण दोष मधे असण्याचा नाही, मधे बसून राहण्याचा आहे.

मी नागपाड्यात खेळून मोठा झालो. आमच्या गल्लीत पोरं क्रिकेटऐवजी चेंडू आपटत शाळेतून येतात, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात वरळीच्या एनएससीआय डोमला एनबीएचे दोन सामने झाले, इंडियाना पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज. तेव्हा आमच्यातलेच काही कुरकुरले, "आणून आणून हे दोन संघ आणले? ना लेकर्स ना वॉरियर्स." मी मात्र गेलो. पहिला सामना जादा वेळेत गेला, १३२-१३१, इंडियाना जिंकली. स्टँडमध्ये शाळेतली पोरं इतकी की त्यांच्या ओरडण्यात शिट्टी ऐकू येईना. त्यांना कुठं ठाऊक होतं कोण मधला आणि कोण तळाचा!

आता पुढचं ऐका. किंग्जचे मालक विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा. त्यांचा संघ २००६ पासून १६ वर्षं प्लेऑफ नाही, म्हणजे वरचे पिक दरवर्षी घरपोच. २०१८ ला दुसरा नंबर हाती होता, घेतला मार्विन बॅगलीला, आणि तिसऱ्या नंबरला गेला लूका डॉन्चिच, जो पुढे मोठा स्टार झाला. आणि इंडियाना? १९८८ नंतर त्यांनी पहिल्या पाचातला एकही पिक वापरलेला नाही. त्यांचे मालक हर्ब सायमन, १९८३ पासून तेच. संघ कधी पार मोडायचा नाही, ही त्यांची रीत.

फेब्रुवारी २०२२ मध्ये याच दोघांनी अदलाबदल केली. सबोनिस सॅक्रामेंटोला, हॅलिबर्टन इंडियानाला. २०२३ ला किंग्जचा १६ वर्षांचा उपास सुटला, ४८-३४. आणि २०२५ ला इंडियाना फायनलच्या सातव्या सामन्यापर्यंत. हॅलिबर्टन बाराव्या नंबरचा पिक, नेम्बहार्ड एकतिसावा, सिआकम टोरांटोहून आणलेला. यात हरून मिळवलेलं किती?

चौदा_चेंडू
नागपाडा, सुरेख लिहिलंत. फक्त एक दुरुस्ती. ज्या वर्षी ती अदलाबदल झाली त्या वर्षी इंडियाना २५-५७ होती. त्यावर सहावा पिक मिळाला, त्यातून मॅथुरिन आला, आणि तो फायनलमध्ये चांगला खेळलाही. म्हणजे थोडं का होईना, हरण्याचं पाणी त्यांनीही चाखलंय.

नागपाडा_जुना
मान्य. पण एक वर्ष पाय घसरणं वेगळं आणि विहिरीत उतरून शिडी वर ओढून घेणं वेगळं.

पहाटचा_चहा
नागपूरहून लिहितेय. मी ओक्लाहोमाची, २०१२ पासून. इकडे सामना पहाटे साडेपाच-सहाला सुरू होतो, आयडी त्यावरूनच. आमचा संघ २०२५ चा विजेता आहे आणि आम्ही मुद्दाम हरलो होतो, त्यामुळे गप्प बसवेना.

२०२०-२१: २२-५०. २०२१-२२: २४-५८. फिलीकर, तुमचा तो हॉरफर्ड आमच्याकडे आला, चांगला खेळत होता, तर मार्चमध्ये त्याला घरी बसवला. धडधाकट माणूस! डिसेंबर २०२१ मध्ये मेम्फिसकडून आम्ही ७३ गुणांनी हरलो, १५२-७९. एनबीएच्या इतिहासात एवढ्या फरकानं कुणीच हरलेलं नाही. मी तिसऱ्या डावात टीव्ही बंद केला आणि कुकर लावला. शिट्ट्या मोजत बसले, पण मन तिकडेच.

पण हिशोब नीट मांडू या. शे गिल्जस-अलेक्झांडर हरून मिळालेला नाही. २०१९ मध्ये पॉल जॉर्ज क्लिपर्सला दिला, त्या बदल्यात तो आणि पिकांचा गठ्ठा आला. जेलन विल्यम्स त्याच गठ्ठ्यातला, बारावा. हरून मिळाले ते दोन: २०२१ चा सहावा पिक जॉश गिडी आणि २०२२ चा दुसरा पिक चेट होल्मग्रेन. गिडीला आम्ही पुढे शिकागोला देऊन करूसो घेतला (मधू, सॉरी हं!). म्हणजे आमचा पाया व्यवहारानं घातलाय, हरण्यानं वरचे दोन मजले चढवले. आणि हरलो ती दोन वर्षं. तिसऱ्या वर्षी ४०-४२, चौथ्या वर्षी ५७-२५, पाचव्या वर्षी ६८-१४. कधी थांबायचं ते आमच्या लोकांना कळलं. हिंकीला थांबायची वेळ यायच्या आधीच जावं लागलं, हाच फरक असेल का?

शिकागोचा_मधू
करूसोचं नाव काढू नका ताई, जखम ओली आहे. तो सोडून बोला.

आबा_सांगलीकर
माझ्या कुस्तीचं राहिलंच. मला वाटतंय ते असं: नुरा कुस्तीत दोन्ही पैलवान सामील असतात. इथं पैलवान प्रामाणिकपणे लढतोय, पण वस्तादानं त्याला खुराकच दिला नाही. हारजीत आखाड्यात ठरली नाही, कोठीत ठरली. बरोबर आहे का?

फिलीकर
आबा, तुम्हाला बास्केटबॉल कळत नाही असं पुन्हा म्हणू नका. १०-७२ वाला संघ अगदी असाच होता. मैदानावरचा एकही मुलगा हरायला खेळत नव्हता. त्यातल्या कित्येकांना ड्राफ्टमध्ये कुणी घेतलेलंही नव्हतं, दर रात्र म्हणजे त्यांच्या नोकरीची मुलाखत. त्यांना कोण कसं मुद्दाम हरवणार? फक्त त्यांच्या जोडीला कुणी दिलंच नाही.

गार्ड_नं_७
आबांच्या वाक्यावर थांबले. मला यातला दुसरा प्रकार ठाऊक आहे, वस्ताद जेव्हा पैलवानालाच पड म्हणतो तो.

१९९८. आंतरजिल्हा मुलींची स्पर्धा, संघाचं आणि गावाचं नाव घेत नाही. गटातला शेवटचा सामना. जिंकलो असतो तर उपांत्य फेरीत यजमान संघ समोर आला असता, तो त्या वर्षी फारच भारी होता. हरलो तर सोपा संघ. मध्यंतराला आम्ही नऊ गुणांनी पुढे. सरांनी सगळ्यांना गोल बसवलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "शेवटची पाच मिनिटं शॉट मारायचा नाही."

मी पॉइंट गार्ड, चेंडू माझ्या हातात. मी तो एंडलाइनपलीकडे फेकला, जणू निसटला. पुन्हा फेकला. आमची सेंटर संघात नवी होती, तिला बहुतेक नीट कळलंच नव्हतं किंवा पटलं नव्हतं. ती रिबाउंड घेऊन टाकत राहिली, आणि प्रत्येक बास्केटनंतर माझ्याकडे बघायची, आता चेंडू दे म्हणून. मी तिला चेंडू दिला नाही. सरांनी तिला बाहेर काढलं. ती बाकावर बसून बुटाची लेस सोडत होती आणि पुन्हा बांधत होती, ते मला कोर्टावरून दिसत होतं. तिची आई तालुक्याहून एसटीनं सामना बघायला आली होती.

आम्ही चार गुणांनी हरलो. दुसऱ्या दिवशी त्या सोप्या संघाकडूनही हरलो. हात चालेना. रिकाम्या रिंगखाली मी दोन ले-अप चुकवले, जे मी झोपेतही चुकवत नसे. ती सेंटर पुढच्या वर्षी खेळायला आली नाही.

मोठ्या व्यावसायिक संघांचं गणित वेगळं असेल, मला मान्य आहे. पण हरायची सवय लावली तर ती हवी तेव्हा सोडता येते, हे जे गृहीत धरलंय ते मला पटत नाही.

झाडाखालचा
गार्ड ताई, वाचून सुन्न झालो.

याच्यावरून लंडन ऑलिंपिक आठवलं, २०१२. बॅडमिंटन महिला दुहेरीत सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून जोड्या मुद्दाम सर्व्हिस जाळ्यात मारत होत्या. चार जोड्या बाद केल्या: एक चीनची, दोन कोरियाच्या, एक इंडोनेशियाची. आपल्या ज्वाला-अश्विनी त्याच स्पर्धेत गुणांच्या फरकानं बाहेर पडल्या. जपानची जोडी तैपेईविरुद्ध मन लावून खेळली नाही अशी आपण तक्रारही केली होती, ती फेटाळली गेली. मुद्दाम हरणारा आपल्यापुरता हिशोब करतो, पण त्याचं बिल तिसराच कोणी भरतो.

अवांतर झालं, चालू द्या.

चौदा_चेंडू
अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे. एनबीएतही बिल तिसराच भरतो. एप्रिल २०२३ मध्ये डॅलसनं शेवटच्या टप्प्यात शिकागोविरुद्ध मुख्य खेळाडू बसवले. प्ले-इनची संधी अजून होती, तरी सोडली, कारण पिक पहिल्या दहात राहिला नाही तर न्यूयॉर्कला जाणार होता. दंड झाला साडेसात लाख डॉलर. पिक दहावा आला, राहिला. त्यातून व्यवहार करून लाइव्हलीला घेतलं आणि पुढच्याच वर्षी डॅलस फायनलमध्ये! साडेसात लाखांत हे स्वस्तच म्हणायचं. दंडानं हे थांबत नाही ते यामुळे.

एक उपाय मला आवडतो. अमेरिका-कॅनडातल्या महिलांच्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये, पीडब्ल्यूएचएलमध्ये, संघ प्लेऑफच्या शर्यतीतून बाद झाला की त्यानंतर तो जे गुण मिळवतो त्यावर ड्राफ्टचा क्रम लागतो. म्हणजे बाद झाल्यावर जितकं जिंकाल तितका वरचा पिक. दुबळा संघ लवकर बाद होतो, त्यामुळे त्याला गुण मिळवायला सामनेही जास्त मिळतात.

शिकागोचा_मधू
हे म्हणजे झकास! मार्चमधले सामने बघण्यासारखे होतील. फुटबॉलमध्ये तर तळाचे संघ खालच्या लीगमध्ये ढकलतात, तिथं मुद्दाम हरायची कुणाची छाती आहे?

पहाटचा_चहा
मधू, ते अमेरिकेत होणे नाही. तीस मालकांनी एवढे पैसे घातलेत, स्वतःला खालच्या लीगमध्ये ढकलायचा नियम ते कशाला करतील.

डेट्रॉइटचं कुणी बोललं नाही अजून. २०२३-२४ मध्ये १४-६८, सलग २८ पराभव. वर्षानुवर्षं वरचे पिक घेत होते, पोरं गुणी, पण जिंकायचं कसं ते दाखवणारं घरात कुणी मोठं नव्हतं. पुढच्या वर्षी नवा कोच आला, टोबायस हॅरिस, बीझली, हार्डवे असे मुरलेले गडी आणले आणि ४४-३८. केड कनिंगहॅम तर २०२१ पासून तिथंच होता. गार्ड ताई म्हणतात ती सवय मोडायला कुणीतरी जाणतं माणूस लागतं, असं मला यावरून वाटतं.

कोथरूडचा_कोच
उशिरा आलो. मी शाळेच्या मुलांना शिकवतो, त्यामुळे थोडं वेगळं लिहितो.

सगळे जण 'हरणं विरुद्ध मधे राहणं' असं बोलताहेत, पण ज्यांनी विजेतेपदं मिळवली त्यांच्याकडे बघा. डेन्व्हरचा योकिच २०१४ चा ४१ वा पिक, मिलवॉकीचा यानिस २०१३ चा १५ वा, आणि त्या वेळी मिलवॉकी ३८-४४ वालं होतं, म्हणजे मधूच्या बुल्ससारखंच. गोल्डन स्टेटचे करी सातवा, क्ले अकरावा, ड्रेमंड ३५ वा. बोस्टननं तर ब्रुकलिनकडून पिक घेऊन ठेवले आणि ब्रुकलिन हरत गेलं तसे ते वर चढले. ब्राउन आणि टेटम दोघेही त्यातूनच.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. सॅन अँटोनियो १९९६-९७ ला २०-६२ होतं, डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीमुळे सहाच सामने खेळला. लॉटरी लागली, टिम डंकन आला, पाच विजेतेपदं. त्याच वर्षी बोस्टन १५-६७ हरून त्याच डंकनसाठी बसलं होतं, त्यांना मिळाले तिसरा आणि सहावा. एकाच्या घरी आधीपासून जिंकणारं वळण होतं, वर्षभराचं आजारपण आलं आणि गेलं. दुसऱ्यानं आजारपण ओढवून घेतलं.

फिलाडेल्फियाच्या बाबतीत मला सगळ्यात खटकतं ते २०१७. पहिला पिक मिळवायला बोस्टनशी अदलाबदल केली, घेतला फुल्ट्झ. बोस्टननं तिसऱ्या नंबरला टेटम घेतला. तोपर्यंत हिंकी गेलेला होता. चार वर्षं उपाशी राहून ताट समोर आलं आणि वाढप्याचाच हात चुकला.

फिलीकर
कोच सर, २०१७ ची आठवण नको. आणि २०१९ ची त्याहून नको: टोरांटोविरुद्धचा सातवा सामना, त्यांच्या कवाय लेनर्डचा तो शेवटचा चेंडू रिंगवर चारदा टप्पे खाऊन आत गेला, ९२-९०. चौथ्या टप्प्याला मी देवाचं नाव घेत होतो. एम्बीड रडत आत गेला तेव्हा आमच्या घरातही कुणी बोलत नव्हतं.

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. गार्ड ताईंच्या सेंटरची लेस डोळ्यांपुढून हलत नाही, कारण तसलंच काहीतरी माझ्याही घरात घडलं होतं आणि ते मी वरच्या लेखात टाळलं. आता लिहितो.

१ डिसेंबर २०१५. आम्ही ०-१८. आदल्या सीझनचे शेवटचे दहा धरून सलग २८ हरलेलो. त्या दिवशी लेकर्स आले होते, कोबी ब्रायंटचा फिलाडेल्फियातला शेवटचा सामना. तो इथल्याच लोअर मेरियन शाळेचा पोरगा, त्यामुळे एरवी रिकामं असणारं मैदान खच्चून भरलं. माझी मुलगी दहा वर्षांची. तिला बास्केटबॉल कळायला लागलं ते याच तीन वर्षांत. म्हणजे तिनं आपला संघ हरतानाच पाहिला होता, आणि तिचा बाप रोज सांगायचा, "बाळा, हे चांगलंच आहे, आपल्याला चांगला पिक मिळेल."

चौथ्या डावात आम्ही पुढे होतो. आजूबाजूचे सगळे उभे. ही मात्र खुर्चीत बसलेली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मी वाकून विचारलं, काय झालं गं? तर माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, आज जिंकलो तर चालेल ना?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. तिला उचलून खुर्चीवर उभी केली एवढं आठवतं. १०३-९१ जिंकलो. ती इतकी ओरडली की दुसऱ्या दिवशी शाळेत तिचा आवाज बसलेला होता.

हिंकीची बाजू मी अनेक वर्षं हिरिरीनं मांडली, आकडे तोंडपाठ होते. पण आज मला वाटतं, त्या ४७-१९९ मध्ये ज्याचा हिशोब कुणीच धरला नाही तो हा. मुलांची बघण्याची वर्षं थोडी असतात. दुखापतीनं एखादं वर्ष गेलं तर त्याला इलाज नाही, तेवढं प्रत्येक घर सोसतं. पण तीन वर्षं ठरवून एका पोरीला जिंकायची भीती वाटायला लावायची, हे मला आता मान्य होणार नाही, बदल्यात विजेतेपद मिळालं असतं तरीही. मी इंडियानाच्या बाजूला आलो.

पहाटचा_चहा
फिलीकर, डोळ्यांत पाणी आलं. माझं मत पूर्ण बदललं असं नाही म्हणणार, कारण २०२५ च्या जूनमधली ती पहाट मी कशाच्याही बदल्यात देणार नाही. पण माझा भाचा त्या दोन वर्षांत डेन्व्हरचा चाहता झाला, तो परत आला नाही, हे तुमचं वाचून आत्ता लक्षात आलं.

मुलगी आता बघते का सामने?

फिलीकर
बघते ना! कॉलेजात आहे. पण सिक्सर्स कमी, इंडियाना जास्त. कारण एकच, टी. जे. मॅकॉनल. ड्राफ्टमध्ये कुणी न घेतलेला, १०-७२ च्या वर्षी आमच्याकडे आला, अंगकाठी बेताची, पण चेंडू जमिनीवर पडला की सगळ्यात आधी हा झेप घेणार. लहानपणी तिचा तोच लाडका. सत्तर सामने हरतानाही तो चेंडूवर पडायचा, ते तिला दिसत होतं.

२०२५ च्या फायनलचा सातवा सामना आम्ही दोघांनी मिळून पाहिला. हॅलिबर्टन पहिल्याच डावात पाय धरून पडला तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला. तिसऱ्या डावात मॅकॉनलनं एकट्यानं किल्ला लढवला तेव्हा ती सोफ्यावर उभी राहिली. हरले. पण सामना संपल्यावर तिनंच धावफलकाकडे बोट दाखवलं. ओक्लाहोमा १०३, इंडियाना ९१. म्हणाली, "बाबा, हा आपलाच स्कोअर आहे."

नागपाडा_जुना
काय सांगता! आत्ता ताडून पाहिलं, खरंच दोन्हीकडे १०३-९१.

आबा_सांगलीकर
पुढचा सीझन कधी सुरू होतो आणि आपल्याकडे कुठल्या वेळेला दिसतो ते कुणीतरी लिहा. त्या मॅकॉनलचा सामना बघायचाय.

पहाटचा_चहा
आबा, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास. इंडियानाचे घरचे सामने बहुतेक आपल्या पहाटे साडेचार-साडेपाचला. आदल्या रात्री मी इथं आठवण टाकेन.